लाल तारा आणि हातोहात जाणारी फाईल



गेल्या अंकात जुन्या लॅपटॉपवर लिनक्स कसे चढवायचे ते आम्ही लिहिले होते. त्यावर मंडळाच्या एका ज्येष्ठ सभासदांचा फोन आला. "फुकट देतात म्हणता, मग त्यात गोम काय?" गोम काही नाही, असेच आमचे उत्तर आहे. जगभरचे हजारो प्रोग्रॅमर ते लिहितात, आतले सगळे उघडे ठेवतात आणि म्हणतात, घ्या, बदला, वाटा. पण एकदा वाटलेली वस्तू कोणाच्या घरी जाऊन काय रूप घेईल, हे वाटणाऱ्याच्या हातात राहत नाही. फोन खाली ठेवल्यावर आम्हाला आठवण झाली ती लिनक्सच्या उत्तर कोरियात वाढलेल्या भावंडाची. त्याचे नाव 'पुल्गुन ब्योल', म्हणजे 'लाल तारा'. या वेळचे पान त्याला.

प्याँगयाँगला कोरिया कॉम्प्युटर सेंटर ही सरकारी संस्था १९९० साली निघाली. म्हणजे आपल्या पुण्याच्या सी-डॅकहून वयाने दोनच वर्षांनी धाकटी. तिथली माणसे अडाणी आहेत असा कोणाचा समज असेल तर तो आधी काढून टाकावा. 'गो' नावाचा पूर्वेकडचा पटावरचा खेळ आहे. कॉम्प्युटरला तो बुद्धिबळापेक्षाही जड गेला. या संस्थेने केलेला 'गो'चा प्रोग्रॅम आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकत होता आणि जपानमध्ये विकलाही जात होता. तेव्हा हुशारीचा तुटवडा तिथे नव्हता, आजही नसावा.

मग स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम कशाला? तर विंडोज पडली अमेरिकन कंपनीची. तिच्या पोटात काय आहे ते घेणाऱ्याला दिसत नाही. उद्या कोणी त्यातूनच आपल्यावर नजर ठेवली तर? ही शंका काही वेडगळ नाही, आणि ती आपल्यालाही परकी नाही. हवा तसा क्रे सुपरकॉम्प्युटर द्यायला अमेरिका तयार होईना, म्हणूनच तर सी-डॅक जन्माला आली आणि डॉ. विजय भटकरांच्या मंडळींनी १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा केला. त्या वेळी इथल्या आपल्या घरांतूनही पेढे वाटले गेले होते! पुढे याच सी-डॅकने लिनक्सवर आधारलेली 'बॉस' नावाची भारतीय ऑपरेटिंग सिस्टिमही २००७ मध्ये आणली. (ती कितीजणांनी वापरली हे विचारू नका.) सांगायचे ते एवढेच, की आपले आपण करावे या इच्छेत वाईट काही नाही. लाल ताऱ्याची गोष्ट तिथे संपली असती तर आम्ही हे पान त्याच्यावर खर्च केले नसते.

लाल तारा बाहेरच्या जगाला नीट दिसला तो २०१० मध्ये. किम इल-सुंग विद्यापीठात शिकणाऱ्या एका रशियन विद्यार्थ्याने त्याची दुसरी आवृत्ती प्याँगयाँगमध्ये सुमारे ५ डॉलरला विकत घेतली आणि तिचे वर्णन लिहिले. कॉम्प्युटर सुरू होताना 'आरिरांग' या कोरियन लोकगीताची धून वाजायची. तारखेत इसवी सन नव्हे तर जुचे वर्ष. किम इल-सुंगचा जन्म १९१२ चा, म्हणून ते वर्ष पहिले, आणि त्या हिशेबाने २०१० म्हणजे जुचे ९९. आपल्यालाही शालिवाहन शक आणि शिवराज्याभिषेक शक आहेतच, त्यामुळे आपण हसू नये. पण ही गणना अंमलात आली १९९७ मध्ये, आणि २०२४ च्या ऑक्टोबरात सरकारी वर्तमानपत्राच्या मथळ्यावरून गुपचूप गेलीसुद्धा. शकाचे आयुष्य २७ वर्षे!

तिसरी आवृत्ती २०१३ च्या सुमाराची. प्याँगयाँगच्या एका विद्यापीठात शिकवायला गेलेल्या विल स्कॉट या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने तिची चित्रे जानेवारी २०१४ मध्ये लोकांपुढे ठेवली आणि सगळ्यांची करमणूक झाली. पडदा हुबेहूब अ‍ॅपलच्या मॅकसारखा! खाली तीच चिन्हांची पट्टी, खिडक्यांना तीच बटणे. त्याआधी २०१३ मध्येच किम जोंग-उनच्या टेबलावर आयमॅक ठेवलेला फोटो जगभर छापून आला होता, त्यामुळे ही आवड कोणाची हे ओळखायला ज्योतिषी नको. आतला सांगाडा मात्र फेडोरा या लिनक्सचा. आम्हाला गंमत वाटते ती ही, की याच फेडोराला मराठी बोलायला शिकवण्याचे काम पुण्यातल्या मंडळींनी केले. त्याच सांगाड्यावर एका गावात 'फाईल जतन करा' असे लिहिले गेले आणि दुसऱ्या गावात जे झाले ते आता सांगतो.

लाल ताऱ्याबरोबर येणाऱ्या ब्राउझरचे नाव 'नेनारा', म्हणजे 'माझा देश'. तो मूळचा फायरफॉक्स. उघडला की तो इंटरनेटवर जात नाही, दहा या आकड्याने सुरू होणाऱ्या एका आतल्या पत्त्यावर जातो. असे पत्ते ऑफिसातले चार कॉम्प्युटर एकमेकांना जोडायला वापरतात. तिथे अख्खा देशच एखाद्या ऑफिससारखा आतल्या आत जोडलेला आहे. त्या जाळ्याचे नाव क्वांगम्योंग. खरे इंटरनेट मिळते ते निवडक माणसांना. बाहेरच्या जगासाठी उत्तर कोरियाच्या नावाच्या वेबसाइट्स किती, हे २०१६ च्या सप्टेंबरात त्यांच्याच सर्व्हरच्या मांडणीतल्या एका चुकीमुळे उघड झाले. तो आकडा होता २८. आपल्या मंडळाच्या समित्या यापेक्षा जास्त भरतील.

इथपर्यंत सारे हसण्यावारी नेता येते. पण २०१४ च्या शेवटी तिसरी आवृत्ती बाहेर फुटली आणि फ्लोरियान ग्रुनोव्ह व निकलाउस शीस या दोन जर्मन तज्ज्ञांनी ती आतून उसवून पाहिली. डिसेंबर २०१५ मध्ये हॅम्बुर्गच्या परिषदेत त्यांनी सांगितले ते ऐकून हसू थांबते. एक तर या सिस्टिमच्या गाभ्यातल्या फाईलीला वापरणाऱ्याने हात लावला, की कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो, पुन्हा बंद होतो, आणि ते थांबतच नाही. व्हायरस शोधण्यासाठी म्हणून ठेवलेला प्रोग्रॅम एका ठरावीक यादीत बसणाऱ्या फाईली मालकाला न विचारता पुसून टाकू शकतो.

आणि मुख्य गोष्ट ही. तुमच्याकडे एक फोटो आहे, गाणे आहे, सिनेमा आहे किंवा वर्डमध्ये लिहिलेले पत्र आहे. ते यूएसबीवर घालून तुम्ही लाल ताऱ्याच्या कॉम्प्युटरला जोडले, की तो त्या फाईलीत एक बारीकशी खूण घालतो. ती खूण म्हणजे तुमच्या हार्ड डिस्कचा क्रमांक, कुलूपबंद लिपीत. फोटो दिसायला तसाच, गाणे ऐकायला तसेच. ती फाईल तुम्ही शेजाऱ्याला दिली की त्याच्या कॉम्प्युटरचा क्रमांक तुमच्या क्रमांकामागे लागतो. त्याने मेव्हण्याला दिली की तिसरा. शेवटी ती फाईल कोणा अधिकाऱ्याच्या हाती लागली, तर कोणाकडून कोणाकडे आली याची वंशावळच त्याला वाचायला मिळते.

१९८० च्या आसपास या देशात आलेल्यांनी क्षणभर आपले ते दिवस आठवावेत. भारतातून कोणी आले की सामानात लोणच्याच्या बरणीशेजारी मराठी नाटकाची कॅसेट. ती पाल पद्धतीची, इथला व्हीसीआर एनटीएससीचा. मग ज्याच्याकडे दोन्ही चालवणारे यंत्र तो त्या गावातला राजा. त्याच्याकडून कॉपी, कॉपीची कॉपी, आणि ती तीनशे मैलांवरच्या घरी पोचेपर्यंत नटांचे चेहरे धुरकट झालेले आणि संवाद मात्र सगळ्यांना पाठ. (कॉपीराइटवाल्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा.) आता समजा त्या प्रत्येक व्हीसीआरने कॅसेटच्या पोटात घराचे नाव कोरले असते, जोश्यांकडून कुलकर्ण्यांकडे, कुलकर्ण्यांकडून सावंतांकडे, आणि नाटक बघणे हा गुन्हा असता, तर पहिल्या घरी कॅसेट लावायला बोलावल्यावर किती जण गेले असते?

उत्तर कोरियात तो गुन्हाच आहे. डिसेंबर २०२० मध्ये तिथे जो कायदा झाला त्यात दक्षिण कोरियाची मालिका किंवा सिनेमा बघणाऱ्याला अनेक वर्षांची सक्तमजुरी आहे, आणि असा माल आणून वाटणाऱ्याला मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे. बघणाऱ्यापेक्षा देणारा मोठा गुन्हेगार. म्हणूनच ती खूण फाईलीत काय आहे ते नोंदवत बसत नाही. कोणाच्या हातून आली, तेवढेच नोंदवते.

लाल तारा प्रत्यक्षात किती घरांत आहे? बाहेरून शिकवायला गेलेल्यांना विद्यार्थ्यांच्या कॉम्प्युटरवर विंडोजच जास्त दिसले होते. पण पद्धत तिथेच थांबली नाही. त्याच जर्मन मंडळींनी २०१६ मध्ये 'उलिम' नावाचा तिथला टॅब्लेट तपासला. चिनी बनावटीचा टॅब्लेट, आतला प्रोग्रॅम कोरियन. त्याने माग काढण्याचा त्राससुद्धा ठेवला नव्हता. सरकारी सही असलेली किंवा त्याच टॅब्लेटवर बनलेली फाईल असेल तरच तो उघडतो. शेजाऱ्याने दिलेली फाईल उघडतच नाही. शिवाय कुठलेही अ‍ॅप उघडले की पडद्याचा फोटो काढून ठेवतो. ते फोटो मालकाला बघता येतात, पुसता येत नाहीत! आपल्यावर नजर आहे हे त्याला कळावे, हाच उद्देश असणार.

२०२४ च्या शेवटी तिथून चोरून बाहेर आणलेला एक फोन बीबीसीने २०२५ मध्ये दाखवला. कोरियन मुली थोरल्या भावाला 'ओप्पा' म्हणतात, आणि दक्षिणेकडच्या मालिका बघून प्रियकरालाही म्हणू लागल्या. त्या फोनवर 'ओप्पा' लिहिले की त्याचे आपोआप 'कॉम्रेड' होते. 'दक्षिण कोरिया' लिहिले की 'बाहुले राज्य'. आपल्या मुलीने 'दादा' असे टाइप करावे आणि फोनने ते खोडून 'कॉम्रेड' करावे! जुन्या शब्दांना जागा नाही आणि नेत्यांना मात्र खास जागा. १९९७ च्या त्यांच्या अक्षरमानकात किम इल-सुंग आणि किम जोंग-इल यांच्या नावांच्या अक्षरांना वेगळे क्रमांक दिले आहेत, म्हणजे छापताना ती इतर अक्षरांहून ठळकच उमटावीत.

आता आमच्या ज्येष्ठ मित्रांचा प्रश्न. लिनक्स लिहिणाऱ्यांना हे थांबवता आले असते का? नाही. त्यांच्या परवान्यात कोणी कशासाठी वापरावे यावर बंधन नाही, आणि ते घालू नये असेच आमचे मत आहे. एकदा घालायला लागले की चांगले कोण हे ठरवणारी समिती नेमावी लागते, आणि समित्यांचे आपल्याला माहीतच आहे. मात्र त्याच परवान्यात दुसरी एक अट आहे. ज्याला प्रोग्रॅम द्याल, त्याने मागितल्यास आतली मूळ लिखावटही द्या. प्याँगयाँगच्या दुकानात उभे राहून ती मागणारा ग्राहक आम्हाला अजून तरी डोळ्यांसमोर आणता आलेला नाही.

त्या जर्मन तज्ज्ञांनी पुढे आणखी एक काम केले. फाईलीतली खूण वाचायची कशी आणि ती घालणारा प्रोग्रॅम बंद कसा करायचा, याची सगळी कृती त्यांनी लिहून काढली. ती इंटरनेटवर कोणालाही फुकट वाचायला मिळते. ज्यांना तिची गरज आहे, त्यांच्या ब्राउझरमध्ये मात्र दहाने सुरू होणारा तो एकच पत्ता उघडतो.

पुढच्या अंकात: आजी-आजोबांच्या फोनवर मराठी कीबोर्ड कसा बसवायचा. अडचणी आधी कळवल्यात तर बरे.