घरात मार बसला, तर एटापल्लीतून जायचं कुठे?

सूरजागड म्हटलं की बाहेरच्यांना लोहखनिज आठवतं, ट्रकांची रांग आठवते आणि आष्टी-आलापल्ली रस्त्याची झालेली चाळण. मी याच पट्ट्यातल्या एका गावात वाढलो, इंजिनिअरिंग केलं आणि पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागलो. गावातली पोरं अजून फोन करतात. कुणाला लॅपटॉप घ्यायचा असतो, कुणाला कोर्स विचारायचा असतो. गेल्या दोन वर्षांत दोन फोन मात्र वेगळ्या कारणासाठी आले. एक मुलगी, एक मुलगा, दोघंही आपल्याच समाजातली. मुलीचं मैत्रिणीवर प्रेम आहे हे भावाला तिच्या मोबाईलमधून कळलं. मुलाच्या चालण्याबोलण्यावरून चाचांना संशय आला. दोघांनाही पट्ट्याने मारलं. दोघांनीही एकच विचारलं, "भाई, आत्ता जायचं कुठे?"

कायदा नाही असं नाही. 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा फक्त नवऱ्याविरुद्ध चालतो अशी समजूत आहे. ती खरी नाही. एकाच घरात राहणारी मुलगी बापाविरुद्ध, भावाविरुद्ध अर्ज करू शकते, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या निकालानंतर घरातल्या बाईविरुद्धसुद्धा. हा कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना लागू आहे, पर्सनल लॉ आड येत नाही. मुख्य म्हणजे अर्जात आपण कुणावर प्रेम करतो हे लिहावं लागत नाही. मारलं, कोंडलं, एवढं पुरे. मार्च 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शस्त्रक्रियेनंतर स्त्री म्हणून जगणाऱ्या ट्रान्स महिलेलाही या कायद्याचं संरक्षण मान्य केलं. ती बाईच नाही, असा नवऱ्याचा दावा होता. मुलांचं मात्र अवघड आहे. समलिंगी मुलाला घरच्यांनी मारलं तर भारतीय न्याय संहितेतली मारहाणीची आणि डांबून ठेवण्याची साधी कलमं, आणि ती लावून घ्यायला ठाणं. ठाण्यात चाचांच्या ओळखीचे चार जण बसलेले असतात.

आता अंतर बघा. गडचिरोलीचं सखी वन स्टॉप सेंटर एटापल्लीहून शंभर किलोमीटरच्या पलीकडे आहे, आणि ते बायकांसाठी आहे. या विषयावर वर्षानुवर्षं काम करणारा सारथी ट्रस्ट नागपुरात, म्हणजे तीनशे किलोमीटरच्या आसपास. हमसफर ट्रस्ट मुंबईत. ही कामं मोलाची आहेत, पण रात्री अकराला शेवटची बस गेल्यावर त्यांचा उपयोग फोनपुरता. आणि फोनच घरच्यांच्या हातात असतो.

फोनबद्दल मी थोडं अधिकाराने बोलू शकतो. आपल्याकडे बहुतेक मोबाईल भावाने सेट करून दिलेले असतात, त्यात त्याचंच गुगल अकाउंट. मग फोटो, लोकेशन, यूट्यूबवर काय पाहिलं, सगळं त्याला दिसू शकतं. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडून पाहा, घरातला लॅपटॉप जोडलेला सापडेल. पण सापडला म्हणून लगेच तोडू नका. अचानक सगळं बंद झालं की संशय वाढतो आणि मारही. त्यापेक्षा महत्त्वाचं बोलणं दुसऱ्याच्या फोनवरून करा. 181 ला लावलेला कॉल यादीत राहतो, तो पुसा. आधार आणि मार्कशीट डिजिलॉकरमध्ये ठेवा, कारण घर सोडताना मूळ कागद मिळतीलच असं नाही. अठरा पूर्ण असतील तर 'मी स्वतःच्या मर्जीने जात आहे' असं सहीचं पत्र निघण्याआधी विश्वासातल्या माणसाकडे द्या. घरचे हरवल्याची तक्रार देतात तेव्हा ते कामी येतं. अशी प्रकरणं कोर्टात आली तर त्या व्यक्तीची स्वतःची इच्छा विचारा, समुपदेशनाच्या नावाखाली तिचं मन वळवू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2024 मध्ये देवू नायर प्रकरणात सांगितलं आहे.

हे सगळं करूनही तालुक्यात एक दार लागतंच. संस्था नको, बोर्ड तर नकोच. तीन घरं पुरेत. एखादी आशाताई, एखादे मास्तर, एखादं गॅरेजवाल्याचं कुटुंब. तीन रात्री झोपायला जागा, बल्लारशाहपर्यंतचं भाडं आणि प्रश्न न विचारता ठेवलेलं ताट. पैशाचं म्हणाल तर वाटेत अडकलेला मुसाफिर जकातीच्या आठ हक्कदारांत आहेच. त्यावर कमिटीत वाद होणार असेल तर सदका द्या, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

'घरातलं प्रकरण आहे, आपण कशाला पडायचं' हे वाक्य दोन्ही वेळेला ऐकलं. गडचिरोलीत तरी ते शोभत नाही. नवरा दारू पिऊन मारतो हाही घरातलाच मामला मानला जायचा. या जिल्ह्यातल्या बायकांनी तो चावडीवर आणला आणि 1993 मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली.

दुसरं वाक्य, 'पण हे हराम आहे ना?' मी आलिम नाही आणि तो वाद इथे सोडवणारही नाही. ज्यांना तो घालायचा आहे त्यांनी दिवसा, चहा पिऊन घालावा. पाठीवर वळ घेऊन कुणी दारात उभं असताना आधी दार उघडायचं असतं, एवढं समजायला फतवा लागत नाही. माझी एक मामी रोज कुराण वाचणारी, या विषयावर तिचं मत माझ्यापेक्षा फार वेगळं. तरी त्या मुलीला पहिल्या रात्री तिनेच ठेवून घेतलं.

मुलगी आता नागपुरात आहे, शिकते आहे. मुलगा घरीच आहे. त्याला पळायचं नाही. त्याचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान इथे आहे, अम्मी आजारी आहे, गिऱ्हाईकं इथलीच. नागपूरचा पत्ता त्याच्या काय कामाचा? त्याला हवा आहे असा एक माणूस, ज्याच्यासमोर चाचा आवाज खाली करतात, आणि जो घरी येऊन सांगेल की पुन्हा हात उगारायचा नाही. आम्ही मशीद कमिटीतल्या एका बुजुर्गांना विचारलं. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "जुम्म्यानंतर येतो. पण तू पण चल."