दुसरी प्रत

संगणकास बाहेरून जोडावयाची हार्ड डिस्क कोणती घ्यावी, असा प्रश्न आम्हांस अलीकडे वारंवार विचारण्यांत येतो. घरच्या संगणकांतील मजकुराची प्रत बाहेर काढून ठेवावी, एवढें आतां बहुतेकांस पटलें आहे. उरला तो कंपनीचा आणि किंमतीचा प्रश्न, असें विचारणारांस वाटतें. आमचें मत थोडें निराळें आहे. नांवाजलेल्या कंपन्यांच्या डिस्कांत घरगुती वापरापुरता म्हणण्यासारखा फरक नाहीं. फरक आहे तो एक घेणारांत आणि दोन घेणारांत.

एकत्र कुटुंबाच्या संगणकाचें पोट मोठें असतें. आजोबांनीं वर्षानुवर्षें खपून जुळविलेली कुलवृत्तान्ताची टिपणें, आजींच्या आवाजांत मुद्रित केलेल्या ओव्या, मुंजी-लग्नांचीं छायाचित्रें, घराच्या खरेदीखताची प्रतिमा, सूनबाईंचा अर्धा लिहून झालेला प्रबंध—यांतील एकहि वस्तु बाजारांत पुन्हां विकत मिळणारी नव्हे. पुष्कळ घरांत मात्र असें होतें कीं, संगणक भरला म्हणून जुनीं छायाचित्रें नव्या डिस्कवर हलवितात, संगणकांतून पुसून टाकतात, आणि बॅकअप घेतला म्हणून निर्धास्त होतात. ही प्रत नव्हे. हें बिऱ्हाड हलविणें झालें. वस्तु पूर्वीं एके ठिकाणीं होती, आतांहि एकेच ठिकाणीं आहे, आणि तेंहि टेबलावरून खालीं पडूं शकणाऱ्या डबींत!

डबी पडली तर काय होतें, तेंहि सांगतों. फिरत्या डिस्कमध्यें तबकडी मिनिटास ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते, आणि वाचणारें टोंक तिच्यावरून केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याहूनहि कमी अंतरानें तरंगत असतें. चालू असतां बसलेला एक धक्का पुरे होतो. एसएसडी नांवाच्या प्रकारांत फिरणारें कांहींच नसल्यानें ती धक्के सोसते व कामहि झपाट्यानें करते. पण तितक्याच साठवणुकीस दाम बरेच अधिक पडतात. शिवाय विजेशिवाय वर्षानुवर्षें पडून राहिल्यास तिच्यांतील मजकूर विरूं शकतो, म्हणून कपाटांत ठेवून विसरण्याची ती वस्तु नव्हे. रात्रीं जेवणें चालू असतां होणाऱ्या कामास घाई कसली? घरगुती प्रतीसाठीं आमचा कौल साध्या फिरत्या डिस्कलाच आहे. त्यांतहि अडीच इंची घ्यावी. ती यूएसबीच्या केबलवरच चालते, साडेतीन इंचीस निराळा वीजपुरवठा लागतो.

आकार संगणकांतील साठवणुकीच्या निदान दुप्पट असावा. एक टीबीची डिस्क विंडोजच्या संगणकास जोडली असतां ९३१ जीबीच दाखविते, यावरून दुकानदाराशीं भांडूं नये; कारखानदार हजाराच्या पटीनें मोजतो आणि संगणक १,०२४ च्या, एवढाच तो हिशेब आहे. मात्र अविश्वसनीय स्वस्त दरांत १६ टीबी देऊं करणाऱ्या अनामिक डबीपासून दूर राहावें. तिच्यांत बहुधा लहानसें मेमरी कार्ड असून, आकडा फुगवून सांगण्यास तें शिकविलेलें असतें. जागा संपली कीं नवा मजकूर मुकाट्यानें नाहींसा होतो. वॉरंटीविषयींहि भ्रम नसावा. मुदतींत बिघडल्यास कंपनी डिस्क बदलून देईल, आजींच्या ओव्या देणार नाहीं.

आतां दुसऱ्या डिस्ककडे वळूं. पहिली संगणकाजवळ असावी, पण काम होतांच काढून ठेवावी. २०१७ च्या मे महिन्यांत 'वानाक्राय' नांवाच्या उपद्रवी प्रोग्रॅमनें जगभरच्या संगणकांतील मजकूर कुलुपबंद करून खंडणी मागितली, तेव्हां संगणकास जोडून ठेवलेल्या डिस्कांनाहि त्यानें सोडलें नाहीं. दुसरी डिस्क तर घरांतच नसावी. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, तेव्हां पुण्यांत नदीकांठच्या पेठांतून कित्येक घरांचे कागद वाहून गेले; २०२१ च्या जुलैंत चिपळुणांत वाशिष्ठीचें पाणी घराघरांत शिरलें. अशा वेळीं एकाच कपाटांत ठेवलेल्या दोन प्रती म्हणजे एकच प्रत. ती दुसरी थोरल्या बहिणीच्या घरीं किंवा परगांवच्या भावाकडे ठेवावी, आणि गणपतीला सर्व एकत्र जमतात तेव्हां नवी देऊन जुनी आणावी. एकत्र कुटुंबास ही सोय जितकी सहज आहे, तितकी एकट्या-दुकट्यास नाहीं.

घराबाहेरील अशा प्रतीनें मोठमोठ्यांची अब्रू राखली आहे. १९९८ सालीं पिक्सार कंपनींत एका चुकीच्या आज्ञेनें 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचा बहुतेक भाग पुसला गेला. बॅकअप होता, पण तो नीट चालत नसल्याचें त्याच वेळीं कळलें! गॅलिन सुसमन या बाईंनीं मूल लहान असल्यामुळें घरून काम करतां यावें म्हणून एक प्रत घरीं नेली होती. चित्रपट वांचला तो तीवरून. म्हणून सहा महिन्यांतून एकदां डिस्कवरील दहा-वीस फाइली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. जी प्रत कधीं उघडलीच नाहीं, ती आहे असें आम्ही धरीत नाहीं.

परक्या घरीं जाणाऱ्या डिस्कला पासवर्ड घालावा, हें ठीकच. पण तो एकट्या कर्त्या पुरुषासच ठाऊक असावा, ही रीत आम्हांस मुळींच मान्य नाहीं. त्याच्यामागें ती डिस्क म्हणजे दगड. कुलूप मोडून देणारा कारागीर या बाबतींत मिळत नाहीं. पासवर्ड घरांतील निदान दोघांस माहीत असावा, त्यांत एक स्त्री असावी, आणि कागदावर लिहून तो दागिन्यांच्या पावत्यांबरोबर ठेवावा. पावसाळ्यांत डिस्क सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावी, आणि डब्यावर शेवटची प्रत घेतल्याची तारीख शाईनें लिहावी.