बदामी विरुद्ध बदामी

साडीच्या दुकानात बायका तासन्‌तास घालवतात, असं म्हणणाऱ्या पुरुषांना एकदा शेडकार्ड हातात देऊन रंगाच्या दुकानात बसवावं. घरी जेवायला यायचे नाहीत.

माझं भांडण रंगाशी नाही, या कार्डाशी आहे. शितावरून भाताची परीक्षा होते, हे खरं. पण दोन बोटांच्या चौकोनावरून भिंतीची होत नाही. तोच रंग चारी भिंतींवर चढला की भिंती एकमेकींवर रंग फेकतात आणि कार्डावरचा गरीब बदामी चांगलाच चढेल होतो. त्यात दुकानात ट्यूबलाइट, घरात पश्चिमेचं ऊन. एका उजेडात जुळे वाटणारे रंग दुसऱ्या उजेडात सावत्र निघतात!

आणि नावं काय एकेक! 'बेज' म्हणे. मूळ फ्रेंच शब्द, न रंगवलेल्या लोकरीचा. म्हणजे रंग न दिल्याचा रंग, आणि त्याचे पैसे आपण मोजायचे. आपल्याकडे गव्हाळ, मातकट, बिस्किटी, मोतिया, हस्तिदंती अशी पंगत बसलेली असताना! खाकीतला 'खाक' म्हणजे तरी दुसरं काय? धूळच. आणि धुळीचं नंदुरबारकरांना कौतुक सांगू नये. १ जुलै १९९८ला आम्ही धुळ्यातून फुटून वेगळा जिल्हा झालो, पण वाटणीत धूळ मात्र आमच्याकडेही भरपूर आली. कुठलाही बदामी लावा, मे महिन्यापर्यंत ती त्याला आपल्या वळणावर आणते.

ज्या गावाबाहेर हिवाळ्यात पथारीवर लालभडक मिरची वाळते, त्या गावात आमच्या घरी दोन फिकट बदामींवरून दोन पक्ष पडावेत? सौ. तिसऱ्या चौकोनाच्या, चिरंजीव चौथ्याचे. फरक विचारला की दोघंही माझ्या चष्म्याचा नंबर विचारतात. रंगारी म्हणतो, "दोन्ही एकच शे, भाऊ!" त्याचं म्हणणं, दोन्ही रंग भिंतीवरच दोन-दोन फूट लावा, वाळू द्या, सकाळी बघा, दुपारी बघा, दिवा लावून बघा. कार्डावर हे कुठेच छापलेलं नाही. छापलं तर कार्ड कशाला लागेल?

पण निवाडा होईपर्यंत तो माणूस शिडी घेऊन ओट्यावर बसून आहे. तीन दिवस झाले. त्याचा रोज कोणी द्यायचा? माझं म्हणणं स्पष्ट आहे : दोन्ही पक्षांनी निम्मा-निम्मा, आणि तोही आजच, रोख.