वंशावळीतून गाळलेले

बँकेत वारसाहक्काची वंशावळ समोर आली, की आम्ही आधी विचारायचो, यातून कोण गाळले आहे? देशमुख-देशपांड्यांच्या मोडी दप्तरांनाही हाच प्रश्न विचारायला हवा. 'करीना' म्हणजे बहुधा वतनाच्या हक्कासाठी लिहिलेली घराण्याची हकिगत, जवळजवळ कैफियतच! कारीच्या जेधे देशमुखांचा करीना प्रसिद्ध आहे. १६५९ मध्ये अफजलखान आला तेव्हा कान्होजी जेधे शिवाजीमहाराजांकडे राहिले. त्याच रोहिडखोऱ्यातले खंडोजी खोपडे खानाला मिळाले. त्यामागे देशमुखीचे वैरही होते. राजवाड्यांनी १८९८ पासून जुने कागद छापले, ते असल्या भांडणांसकट.

१९५० च्या कायद्याने परगणा वतने गेली आणि दप्तरे माळ्यावर पडली. आता गुळगुळीत कुलवृत्तान्त निघतात. मूळपुरुष शूर, दत्तकाचे तंटे, गहाणखते मात्र गायब. आमच्याच कुलवृत्तान्तातून एका विधवा पणजीने दिरांवर केलेला दावा वगळायचे ठरले आहे. त्या दाव्याखेरीज तिचे नाव कुठल्याच कागदावर नाही. बैठकीत विरोध करणारा मी एकटाच. दाव्याची नक्कल मी करून घेतली आहे, आणि ती छापल्याशिवाय माझी वर्गणी मिळणार नाही, असे कळवलेही आहे.