आधी रूळ, मग छप्पर

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या (सीएसएमटी) पुनर्विकासावर सुमारे २,४५० कोटी रुपये खर्च होणार आहेत. केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२२मध्ये मंजुरी दिली, २०२३मध्ये कंत्राट दिलं गेलं, आणि तेव्हापासून संगणकावर काढलेली चित्रं आम्हाला दाखवली जात आहेत. प्रशस्त छत, चकचकीत फरशी, खाण्यापिण्याची दालनं, वाहनतळ. चित्रांतली माणसं आरामात चालतात, कुणाचा कुणाला धक्का लागत नाही.

माझा रेल्वेला एकच प्रश्न आहे. या छताने, या दालनांनी आणि या वाहनतळाने सकाळच्या गर्दीच्या वेळी एक तरी जादा लोकल सीएसएमटीत येणार आहे का? नाही येणार. लोकल रुळांवरून येते आणि फलाटाला लागते. रूळ तेवढेच, लोकलचे फलाट तेवढेच, तर वरचं छप्पर सोन्याचं केलं तरी फेऱ्या वाढत नाहीत. स्थानकाच्या पुनर्विकासाचं जे चित्र मुंबईला विकलं जातंय ते प्रवाशाच्या गरजेचं नाही, आणि हे आता स्पष्ट शब्दांत सांगायला हवं.

मी डोंबिवलीकर आहे. गाडीत शिरण्यासाठी काय करावं लागतं ते मला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही. पण गर्दीचं वर्णन करत बसण्याचे दिवस संपले. गर्दी कशामुळे होते हे बोलू या, कारण त्या कारणांना नावं आहेत, जागा आहेत आणि तारखाही आहेत.

मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर सीएसएमटीपासून कल्याणपर्यंत लोकलसाठी रुळांच्या दोन जोड्या आहेत, एक धीमी आणि एक जलद. लांब पल्ल्याच्या गाड्यांना वेगळी वाट मिळावी म्हणून पाचवी-सहावी मार्गिका आली. कल्याण ते कुर्ला ही मार्गिका आज आहे. त्यातला ठाणे–दिवा हा सुमारे नऊ किलोमीटरचा तुकडा २००८मध्ये मंजूर झाला आणि १८ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरू झाला. नऊ किलोमीटरला जवळपास चौदा वर्षं लागली. आणि कुर्ल्यापुढे? कुर्ला ते सीएसएमटी हे साडेसतरा किलोमीटरही २००८मध्येच मंजूर झाले होते. पुढे त्याचे दोन तुकडे पाडले: कुर्ला–परळ सुमारे दहा किलोमीटर, परळ–सीएसएमटी सुमारे साडेसात. पहिला तुकडा अजून पूर्ण झालेला नाही, आणि दुसरा कधी होणार याचं उत्तर कुणी देत नाही.

याचा परिणाम रोज भोगावा लागतो. कल्याणपासून स्वतःच्या रुळांवरून आलेली मेल किंवा एक्स्प्रेस कुर्ल्याच्या पुढे जलद लोकलच्या रुळांवर चढते. ती गाडी जी वेळ खाते, ती लोकलची वेळ असते. "मेल पास होतेय" हे वाक्य सायन आणि माटुंग्याच्या दरम्यान खोळंबलेल्या डब्यात मुंबईच्या दोन-तीन पिढ्यांनी ऐकलं आहे. गाडी पुढे सरकत नाही, बायोमेट्रिक हजेरीचं यंत्र वाट पाहत नाही आणि अर्धा दिवस कापला जातो. हा खोळंबा देवाने घातलेला नाही. २००८च्या मंजुरीवर अठरा वर्षं होत आली तरी रूळ पडले नाहीत, त्याचा हा हिशेब आहे.

आता खुद्द टर्मिनसकडे पाहू. सीएसएमटीत १८ फलाट आहेत. त्यांपैकी लोकलला सात. एक आणि दोन हार्बरला, तीन ते सात मुख्य मार्गाला. उरलेले अकरा लांब पल्ल्याच्या गाड्यांचे. या स्थानकातून ये-जा करणाऱ्यांत बहुसंख्य लोक लोकलचे आहेत, आणि त्यांच्या वाट्याला निम्म्याहूनही कमी फलाट आहेत. हार्बरवर पनवेलची गाडी काय, गोरेगावची काय, सगळ्या त्याच दोन फलाटांवर.

टर्मिनसची क्षमता कशावर ठरते? लोकल आली की उतरणारे उतरतात, चढणारे चढतात, मोटरमन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला येतो किंवा दुसरा मोटरमन तयार असतो, सिग्नल मिळतो, गाडी सुटते. तोवर फलाट अडकलेला असतो. शिवाय स्थानकाच्या तोंडाशी सगळे रूळ एकमेकांना छेदतात. एका फलाटाकडे येणारी गाडी दुसऱ्या फलाटावरून सुटणाऱ्या गाडीची वाट अडवते. ही छेदणारी वाट मोकळी केल्याशिवाय, क्रॉसओव्हरची नव्याने मांडणी केल्याशिवाय आणि लोकलला जादा फलाट दिल्याशिवाय फेऱ्या वाढवण्याच्या घोषणा म्हणजे प्रवाशांची फसवणूक आहे. मध्य रेल्वे दिवसाला १,८०० हून अधिक लोकल फेऱ्या चालवते. एवढ्या फेऱ्या आहे त्या रुळांवर चालवणाऱ्या मोटरमन, गार्ड आणि सिग्नल कर्मचाऱ्यांना माझा सलाम आहे. त्यांच्या कौशल्यावर किती वर्षं निभावून न्यायचं ठरवलंय, हे मात्र वर बसलेल्यांनी सांगावं.

काम करायचं ठरवलं तर ते किती झटपट होतं हे रेल्वेनेच दाखवून दिलंय. ३० मेच्या मध्यरात्री ते २ जून २०२४ या काळात जम्बो ब्लॉक घेतला गेला. नऊशेहून अधिक लोकल रद्द झाल्या. ठाण्यात ६३ तासांच्या ब्लॉकमध्ये रूळ सरकवून आणि तयार काँक्रीटचे ठोकळे बसवून पाच क्रमांकाचा फलाट दोन-तीन मीटरनी रुंद केला. ठाणे हे मध्य रेल्वेच्या सर्वांत गजबजलेल्या स्थानकांपैकी एक. तिथे फलाट रुंद करता येत नाही, जागाच नाही, हे वर्षानुवर्षं आम्हाला ऐकवलं गेलं होतं. ६३ तासांत झालं! म्हणजे त्या सगळ्या वर्षांत अडचण जागेची नव्हती. इच्छेची होती.

त्याच ब्लॉकमध्ये सीएसएमटीला काय केलं तेही पाहा. ३६ तास घेऊन दहा आणि अकरा क्रमांकाचे फलाट लांबवण्याचं काम केलं, २४ डब्यांच्या गाड्यांसाठी. हे लांब पल्ल्याचे फलाट. कामाला माझा विरोध नाही. कोल्हापूरला, नांदेडला, लखनऊला जाणारा माणूसही माझाच आहे. पण लोकल रद्द करून, लोकलच्या प्रवाशाचे तीन दिवस खाऊन जे मिळवलं, त्यात सीएसएमटीला लोकलसाठी काय मिळालं? पंधरा डब्यांच्या लोकल मध्य रेल्वेवर २०१२मध्ये आल्या. त्यांच्या फेऱ्या पुढे कित्येक वर्षं बावीसच्या आसपास रेंगाळल्या. अठराशेपैकी बावीस! बारा डब्यांच्या गाडीला तीन डबे जोडले की चौथाई जागा वाढते, तेही एकही जादा फेरी न वाढवता. त्यासाठी धीम्या मार्गावरचे फलाट लांबवायला हवे होते. ते काम दहा वर्षं हातात का घेतलं नाही?

आणि फेऱ्या वाढल्या, डबे वाढले, तरी उतरलेला माणूस जाणार कुठून? स्थानकाची खरी परीक्षा इथे आहे. एक गाडी रिकामी होऊन तिचे सगळे प्रवासी पुढची गाडी लागण्याआधी फलाटाबाहेर पडले पाहिजेत. जिना अरुंद असेल, तोंडाशी स्टॉल असेल, पुलावर दोन्ही दिशांची गर्दी समोरासमोर भिडत असेल, तर माणसं फलाटावर साचतात आणि त्याच वेळी पुढची गाडी येते. घाटकोपरला हे सगळ्यांनी पाहिलं. जून २०१४मध्ये वर्सोवा–घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि तिची गर्दी रेल्वेच्या जुन्या पुलांवर आणि फलाटांवर ओतली गेली. मेट्रो येणार हे आधी अनेक वर्षं माहीत होतं. रेल्वेचं स्थानक मात्र तसंच राहिलं.

याची किंमत माणसांनी जिवाने चुकवली आहे. २९ सप्टेंबर २०१७ला एल्फिन्स्टन रोड आणि परळ जोडणाऱ्या अरुंद पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. गिरण्या गेल्या, टॉवर आले, हजारो कार्यालयं आली, आणि पूल गिरणीच्या काळातला राहिला. खासदारांनी आधीच पत्रं लिहून रुंद पुलाची मागणी केली होती. माणसं मेल्यावर लष्कराला बोलावलं आणि फेब्रुवारी २०१८मध्ये, पाच महिन्यांत, नवा पूल उभा राहिला. १४ मार्च २०१९ला सीएसएमटीलगतचा हिमालय पूल कोसळला, माणसं दगावली. तो पूल महापालिकेचा होता, आणि त्याआधीच्या तपासणीत किरकोळ दुरुस्तीपुरता ठीक ठरवलेला होता. नवा पूल खुला व्हायला चार वर्षं लागली. जगातल्या गजबजलेल्या टर्मिनसांपैकी एकाच्या दारातला पूल, चार वर्षं!

९ जून २०२५ रोजी मुंब्र्याच्या वळणावर दारात लोंबकळणारे प्रवासी पडले, चौघांनी त्याच दिवशी प्राण सोडले. लगेच बंद दारांच्या लोकलची घोषणा झाली. दारं बंद करा, जरूर करा. पण दारात लोंबकळणारा माणूस हौसेने लोंबकळत नाही. आत पाय ठेवायला जागा नसते. ती जागा जादा गाडीतून आणि जादा डब्यातून येते, आणि दोन्हींचा मार्ग पुन्हा त्याच अपुऱ्या रुळांपाशी आणि फलाटांपाशी अडतो.

यावर ठरलेली उत्तरं मिळतात. पहिलं उत्तर, जमीन मिळत नाही. कुर्ला आणि धारावीत रुळांलगत वस्त्या आहेत, इमारती आहेत, त्यांचं पुनर्वसन अवघड आहे, हे खरं आहे. मग त्या कुटुंबांना जवळपास चांगली घरं द्या, पैसा त्यावर लावा, अधिकारी त्यावर नेमा. अठरा वर्षांत एक अख्खी पिढी मोठी झाली. अडचण सांगण्यासाठी एवढा काळ लागत नाही, सोडवण्यासाठी पुरेसा असतो.

दुसरं उत्तर, कार्यालयांनी वेळा बदलाव्यात. रेल्वेने तशी पत्रंही पाठवली आहेत. बदलाव्यात ना, थोडा फरक पडेल. पण रूळ टाकणं हे ज्यांचं काम आहे त्यांनी दुसऱ्याच्या घड्याळाकडे बोट दाखवू नये.

तिसरं उत्तर सर्वांत लबाड आहे: तुम्ही वारशाच्या विरोधात आहात का? नाही. १८८८मध्ये पूर्ण झालेली ती इमारत, २००४पासून जागतिक वारसा यादीत असलेली, माझ्या शहराचा अभिमान आहे. तिचे दगड जपा, घुमट दुरुस्त करा, पैसे कमी पडू देऊ नका. तिच्या नावाने व्यापारी दालनांचा हिशेब आमच्या गळ्यात मारू नका, एवढंच.

मग हे असं का चालतं? छताचं उद्घाटन करता येतं. क्रॉसओव्हरची फीत कापता येत नाही. मे २०२५मध्ये देशातल्या १०३ स्थानकांचं एकाच दिवशी उद्घाटन झालं, त्यात चिंचपोकळी, परळ, माटुंगा, वडाळा रोड होती. स्थानकांचं रंगरूप बदललं. त्या समारंभाने तिथे थांबणारी एकही लोकल वाढली नाही. आणि आमचे लोकप्रतिनिधी? मुंबई, ठाणे, कल्याणचे खासदार फीत कापायला रांगेत उभे राहतात. कुर्ला–परळचं काम कुठे अडलंय हे लोकसभेत विचारून उत्तर मिळेपर्यंत ठाण मांडून बसलेला त्यांच्यातला एकही मला दिसलेला नाही.

आमच्या मागण्या साध्या आहेत. कुर्ला–परळ मार्गिकेची तारीख लेखी द्या आणि ती चुकली तर जबाबदार अधिकाऱ्याचं नाव जाहीर करा. परळ–सीएसएमटीचा आराखडा लोकांसमोर ठेवा, सोडून दिला असेल तर तसं सांगा. सीएसएमटीच्या लांब पल्ल्याच्या अकरा फलाटांपैकी गर्दीच्या वेळी किती लोकलला देता येतील, त्यासाठी यार्डात काय बदलावं लागेल, याचा अभ्यास खुला करा. कल्याणचं यार्ड, पनवेलचं टर्मिनस वेगाने पूर्ण करून लांब पल्ल्याच्या काही गाड्या तिथून सोडा, आणि सामानसुमान घेऊन येणाऱ्या कुटुंबांना तिथवर पोहोचायला नीट गाड्याही द्या. प्रत्येक मोठ्या स्थानकात भरलेल्या लोकलचे प्रवासी किती मिनिटांत फलाटाबाहेर पडतात ते मोजा आणि फलकावर लावा. जिथे पुढची गाडी येईपर्यंत फलाट रिकामा होत नाही, तिथे स्टॉल आधी हटवा, जिना आधी रुंद करा. आणि ही कामं होईपर्यंत पुनर्विकासातल्या व्यापारी बांधकामाला एक रुपयाही देऊ नका.

पास काढून, कर भरून, वेळेत कामावर जाऊ इच्छिणाऱ्या माणसाने आणखी किती सोसायचं? मुंबईकर सोशिक आहे, लवचिक आहे, हे कौतुक आता बंद करा. त्या कौतुकाच्या आड अठरा वर्षांची दिरंगाई लपवली गेली आहे. डोंबिवली, बदलापूर, टिटवाळा, मुंब्रा, पनवेल इथल्या प्रवासी संघटनांनी पक्ष बाजूला ठेवून पुढच्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराला एकच कागद पुढे करावा: कुर्ला–सीएसएमटी मार्गिका कधी, आणि लोकलला जादा फलाट किती. जो सही करणार नाही त्याला मत नाही.