पाकीट उघडा, दिवस मोजा



गुढीपाडव्याच्या अंकात कर्जवसुलीवर संपादकीय म्हणजे काहींना श्रीखंडात मिठाचा खडा वाटेल. पण गेल्या काही महिन्यांत कार्यक्रमानंतर चहाच्या टेबलापाशी, जरा बाजूला घेऊन, हाच प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला: "मुलीच्या कॉलेजच्या कर्जाचे हप्ते थकलेत. आता पगारातून कापतील का हो?" आणि पाठोपाठ, "पण हे कुठे बोलू नका." प्रश्नाचे उत्तर कायद्यात आहे. खरी अडचण त्या पाठोपाठच्या वाक्यात आहे.

मार्च 2020 मध्ये कोविडमुळे इथे अमेरिकेत सरकारी शैक्षणिक कर्जांचे हप्ते थांबले आणि ते साडेतीन वर्षे थांबलेलेच राहिले. त्या काळात घरे बदलली, नोकऱ्या बदलल्या, कर्जाचे खाते सांभाळणाऱ्या कंपन्याही बदलल्या. हप्ते पुन्हा सुरू झाले तेव्हा अनेकांची घडी बसलीच नाही. 5 मे 2025 पासून शिक्षण खात्याने बुडीत कर्जांची सक्तीची वसुली पुन्हा हाती घेतली. तेव्हा डिफॉल्टमध्ये गेलेल्या कर्जदारांची संख्या 50 लाखांच्या वर असल्याचे खात्यानेच सांगितले होते. जानेवारी 2026 मध्ये पगारकपातीच्या नोटिसा निघणार अशी घोषणा झाली, आणि त्याच महिन्यात कपात व टॅक्स रिफंडची जप्ती दोन्ही लांबणीवर टाकल्याचेही जाहीर झाले. लांबणीवर पडली म्हणजे टळली नव्हे. कर्ज जागेवर आहे, व्याज चढते आहे आणि कपातीचा अधिकार देणारा कायदाही जागेवर आहे.

"हा आपला प्रश्न नाही," असे म्हणणाऱ्यांसाठी थोडे स्पष्टीकरण. एफ-1 व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याला इथले सरकारी कर्ज मिळत नाही. त्याचे कर्ज बहुधा भारतातल्या बँकेचे असते, आणि त्यापायी गहाण पडलेला फ्लॅट पुण्यात किंवा नाशकात असतो. तो वेगळा विषय. पण इथे वाढलेली आपली मुले सरकारी कर्जावर शिकतात. शिवाय पॅरेंट प्लस नावाचे कर्ज आहे, जे आईवडील मुलांसाठी काढतात. शिक्षण मुलाचे असले तरी कायद्याने हे कर्ज सही करणाऱ्या पालकाचेच. घरात "नोकरी लागली की तूच फेड" असे ठरले असेल, पण मुलाचे हप्ते चुकले तर पगार कापला जाईल तो बाबांचा किंवा आईचा.

आता मूळ प्रश्न. सरकारी कर्जाचा हप्ता 270 दिवस थकला की कर्ज डिफॉल्टमध्ये जाते. त्यानंतर शिक्षण खात्याला कोर्टात जावे लागत नाही. थेट मालकाला आदेश देऊन हातात येणाऱ्या पगाराच्या 15 टक्क्यांपर्यंत रक्कम वळती करता येते. हा हिशेब कर आणि सक्तीच्या वजावटी गेल्यावर उरलेल्या पगारावर होतो. महिन्याला 4,000 डॉलर उरत असतील तर 600 डॉलरपर्यंत जातील. या एका कपातीसाठी मालक नोकरीवरून काढू शकत नाही, तशी कायद्यात मनाई आहे.

मात्र कपातीच्या किमान 30 दिवस आधी नोटीस पाठवावी लागते, आणि कर्जदाराच्या हातातली बहुतेक शस्त्रे याच 30 दिवसांत चालतात. या मुदतीत लेखी सुनावणी मागितली, तर निकाल लागेपर्यंत कपात सुरू होत नाही. कर्ज माझे नाही, ते फिटले आहे, रक्कम चुकीची आहे, किंवा एवढी कपात झाली तर घर चालणार नाही, ही कारणे मांडता येतात. ले-ऑफ झाल्यानंतर मिळालेल्या नोकरीला अजून सलग बारा महिने झाले नसतील, तर तेही वैध कारण आहे. टेक कंपन्यांत काम करणाऱ्या आपल्या सभासदांनी हे विशेष लक्षात ठेवावे. सुनावणी नको असेल तर याच मुदतीत हप्ते बांधून घेण्याचा करारही करता येतो. मुदत उलटल्यावरही सुनावणी मागता येते, पण तोवर कपात चालू राहते. आणि नोटीस तुमच्या शेवटच्या ज्ञात पत्त्यावर जाते. जुन्या अपार्टमेंटच्या पेटीत ती पडून राहिली तरी दिवस मोजले जातातच. म्हणून आजच स्टुडंटएडच्या सरकारी संकेतस्थळावर जाऊन आपला पत्ता तपासा.

डिफॉल्टमधून बाहेर पडण्याचे मुख्य रस्ते दोन. पहिला रिहॅबिलिटेशनचा: उत्पन्नाप्रमाणे ठरलेले नऊ हप्ते दहा महिन्यांत वेळेवर भरले की कर्ज पूर्वपदावर येते आणि क्रेडिट रिपोर्टवरची डिफॉल्टची नोंद निघते. उत्पन्न फारच कमी असेल तर हा हप्ता अवघ्या पाच डॉलरचाही असू शकतो. दुसरा कन्सॉलिडेशनचा: जुने कर्ज नव्यात वळवायचे. हा जलद आहे, पण डिफॉल्टची नोंद राहते, आणि कपातीचा आदेश लागू असेल तर तो उठेपर्यंत हा रस्ता बंदच. म्हणजे इथेही लवकर हललेल्याचाच फायदा.

खासगी कर्जाची गोष्ट निराळी. तिथे सावकाराला आधी कोर्टात दावा जिंकावा लागतो. टेक्सस, पेनसिल्व्हेनिया, नॉर्थ आणि साउथ कॅरोलायना या राज्यांत अशा कर्जासाठी पगाराला सहसा हात लावता येत नाही. पण कोर्टाचे समन्स आले आणि हजरच राहिलो नाही, तर निकाल एकतर्फी लागतो. भाच्यासाठी किंवा पुतणीसाठी प्रेमापोटी को-साइन केलेल्या मामा-काकांनी हे ध्यानात घ्यावे, कारण दावा त्यांच्यावरही होतो.

एवढे सगळे कायद्याने हाती दिलेले असताना माणसे अडकतात कुठे? आपल्याकडे कर्ज फेडण्याचा अभिमान मोठा आहे, आणि तो असावाच. पण त्याच अभिमानाची दुसरी बाजू अशी, की थकलेले कर्ज चारित्र्यावरचा डाग वाटतो. मग पाकीट ड्रॉवरमध्ये जाते, नवऱ्याचे बायकोला किंवा बायकोचे नवऱ्याला कळत नाही, आणि महिना उलटतो. पुढे पे स्टबवर कपात दिसते, तेव्हा मालकालाही कळलेले असते. जे लपवायचे होते ते लपवल्यामुळेच बाहेर येते. याच गप्प बसण्यावर भुरटे दलालही जगतात. "आगाऊ फी द्या, कर्ज माफ करून देतो" असे फोनवर सांगणारा फसवतोच आहे. कर्जमुक्तीच्या नावाखाली काम होण्याआधी फी घेणे बेकायदा आहे. आपल्या सरकारी खात्याचा पासवर्ड कुणालाही देऊ नये. थकलेल्या हप्त्यासाठी पोलीस घरी पाठवण्याची धमकीही निव्वळ पोकळ असते.

मंडळात वकील आहेत, टॅक्सचे काम करणारे आहेत, आणि या प्रसंगातून पार पडलेलेही आहेत. कार्यकारिणीला आमची सूचना अशी, की पाडव्यानंतर अशा दोन-तीन सभासदांची नावे ठरवावीत. नोटीस हाती पडल्यावर त्यांना फोन करता यावा, सोबत बसून ती वाचता यावी आणि सुनावणीचा अर्ज भरता यावा. नाव कुठे जाणार नाही, याची हमी मंडळाने द्यावी. ढोल-ताशाच्या सरावाला आपण शनिवार-रविवार देतो, त्यातला एखादा तास याला द्यायला हरकत नसावी.

तोवर ज्यांच्या घरी असे पाकीट पडून आहे, त्यांनी ते आज रात्री जोडीदारासमोर उघडावे आणि त्यावरच्या तारखेपासून 30 दिवस कॅलेंडरवर मांडावेत.

नववर्षाच्या शुभेच्छा!

– संपादक मंडळ