अर्ध्या देशाचा सन्मान

टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये भारतीय हॉकी संघाला उपांत्य फेरीत 5-2 असं हरवणारा बेल्जियम आपल्याकडे अनेकांना आठवत असेल. त्यात एकट्या अलेक्झांडर हेंड्रिक्सचे तीन गोल होते. मैदानात तो संघ एक. पण मायदेशी खेळाचा कारभार भाषेप्रमाणे विभागलेला. डचभाषक फ्लँडर्सचं सरकार आपल्या गुणी खेळाडूंना 'व्लाम्स स्पोर्टयुवेल' हा पुरस्कार देतं.

म्हणजे सलग तीन ऑलिंपिकमध्ये हेप्टॅथलॉनचं सुवर्ण जिंकणारी नाफी थियाम या सन्मानाच्या कक्षेबाहेर! ती फ्रेंचभाषक नामूरची. विचित्र वाटतं खरं, पण हा आडमुठेपणा नाही. खेळाचा कारभार तिथे मुख्यतः भाषिक समुदायांच्याच अखत्यारीत येतो. ज्याने पैसा ओतला आणि घाम गाळला, त्याने पाठ थोपटावी, हे रास्तच.

फ्लँडर्समधल्या गेंटच्या प्रशिक्षण केंद्रात घडलेली नीना देरवाल पाहा. टोकियोत असमान बारवर 15.200 गुण मिळवून तिने बेल्जियमला जिम्नॅस्टिक्समधलं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिलं. पुढे खांद्याची दुखापत, शस्त्रक्रिया आणि पॅरिसमध्ये चौथा क्रमांक. सरकारी पुरस्कारांची नजर पदकावर खिळलेली असते. या चौथ्या क्रमांकाचं मोल त्यांना कळायला हवं.

आणि बशीर अब्दी? मोगादिशूत जन्मलेला, गेंटमध्ये वाढलेला हा मॅरेथॉनपटू टोकियोत कांस्य, पॅरिसमध्ये रौप्य जिंकतो. 'फ्लेमिश', म्हणजे फ्लँडर्सचा, कोणाला म्हणायचं, यावर राजकारणी तावातावाने भांडत असतात. अब्दी मात्र धावून मोकळा झालेला असतो.